दिलगिरी आणि माफी यांच्यामधली जागा

मी भाषांतराचं काम करते. बरीच वर्षं करते आहे, आणि या सगळ्या वर्षांतली एक चूक अजून मनातून जात नाही. दोन संस्थांमधला जुना तंटा मिटत आला होता. एका बाजूने दुसरीला इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यात 'रिग्रेट' हा शब्द होता. मी मराठीत 'माफी' लिहिलं. रात्र झाली होती, पत्र सकाळी हवं होतं आणि वाक्य कानाला बरं वाटत होतं. ज्यांना पत्र गेलं त्यांनी ते सभासदांपुढे मोठ्याने वाचून दाखवलं: बघा, शेवटी माफी मागावीच लागली. ज्यांनी पाठवलं होतं ते संतापले. "आम्ही दिलगिरी व्यक्त केली होती. माफी गुन्हेगार मागतो." मिटत आलेलं प्रकरण पुन्हा पेटलं आणि पुढे सात महिने चाललं. त्या सात महिन्यांत ज्यांचे पगार अडकून पडले, त्यांतल्या काही जणांना मी चेहऱ्याने ओळखत होते.

खेद, दिलगिरी, क्षमा, माफी. शब्दकोशात हे चौघं शेजारी-शेजारी बसलेले दिसतात. पण खेद घडलेल्या गोष्टीचा असतो, त्यात मी कुठे असेनच असं नाही. दिलगिरीत मी असते, पण ताठ उभी असते. क्षमा म्हटलं की मान खाली जाते. आणि माफी मागितली की ती द्यायची की नाही हे समोरच्याच्या हातात जातं. मी त्या रात्री एका शब्दाने एका पक्षाला दुसऱ्याच्या हवाली करून टाकलं होतं.

तेव्हापासून मला दोन देशांची संयुक्त निवेदनं वाचायची सवय लागली. सुरुवातीला ती शिक्षा म्हणून वाचत होते, नंतर ओढीने वाचायला लागले. वर्तमानपत्रात ज्या दोन ओळी उरतात त्यांच्यामागे किती माणसांची किती रात्रींची झोप गेलेली असते, हे हळूहळू कळत गेलं.

माझ्या चुकीच्या जवळ जाणारं एक प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. 1 एप्रिल 2001 ला दक्षिण चीन समुद्रावर अमेरिकी नौदलाचं ईपी-3 जातीचं टेहळणी विमान आणि एक चिनी लढाऊ विमान यांची हवेत टक्कर झाली. चिनी वैमानिक वांग वेई समुद्रात गेला, तो सापडला नाही. अमेरिकी विमान मोडक्या अवस्थेत हैनान बेटावरच्या लिंगशुई तळावर परवानगीशिवाय उतरलं. आतले 24 जण चीनच्या ताब्यात आले. चीनची मागणी होती माफीची. अमेरिकेचं म्हणणं असं की विमान आंतरराष्ट्रीय हद्दीवर होतं, चूक आमची नाही, मग माफी कसली? दोन्हीकडे लोक खवळलेले. एकीकडे एका तरुण वैमानिकाचा मृत्यू, दुसरीकडे अडकून पडलेली 24 माणसं.

11 एप्रिलला अमेरिकेचे राजदूत जोसेफ प्रुहर यांनी चीनचे परराष्ट्रमंत्री तांग जियाशुआन यांना एक छोटं पत्र दिलं. त्यात 'व्हेरी सॉरी' हे शब्द दोनदा आले. एकदा वैमानिकाच्या कुटुंबाला आणि चिनी जनतेला उद्देशून, झालेल्या हानीबद्दल. दुसऱ्यांदा, चीनच्या हवाई हद्दीत शिरताना आणि उतरताना तोंडी परवानगी मिळालेली नव्हती याबद्दल. मुळात टक्कर कोणामुळे झाली, याची जबाबदारी पत्राने कोणावरच टाकली नाही. इंग्रजीतला 'सॉरी' हा शब्द दोन्ही घरांत वावरतो. कोणाकडे मृत्यू झाला तरी सॉरी म्हणतात आणि स्वतःच्या हातून काही सांडलं तरी सॉरीच म्हणतात. चीनने आपल्या लोकांना हे पत्र सांगताना चिनी भाषेत 'मनापासून क्षमायाचना' असा अर्थ होईल तो शब्दप्रयोग वापरला. वॉशिंग्टनने आपल्या लोकांना सांगितलं की आम्ही माफी मागितलेली नाही. दोघंही एकाच कागदाकडे बोट दाखवत होते. दुसऱ्या दिवशी ते 24 जण विमानात बसून निघाले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले. दोन शब्दांमध्ये असते ती जागा मी बुजवून टाकली होती. या लोकांनी ती शोधून काढली, तिच्यात दोन्ही देशांना उभं राहता येईल एवढी ती रुंद आहे का हे पाहिलं, आणि मगच पत्रावर सही केली.

मराठीत मुत्सद्दी म्हटलं की डोळ्यांपुढे धूर्त माणूस येतो, गोड बोलणारा आणि हातचं राखून ठेवणारा. आपल्याकडे हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळ साधा होता: दफ्तरातला कारकून, हिशेब आणि कागद सांभाळणारा अधिकारी. आणि आज ज्याला आपण कोर्टात पाहतो तो 'वकील' पेशवाईत परक्या दरबारात नेमलेला दूत असायचा, म्हणून तर दूतावासाला अजून वकिलात म्हणतात. मला हे जुने अर्थ आजच्या कामाच्या जास्त जवळचे वाटतात. कागद सांभाळायचे, आणि परक्याच्या घरात राहून आपल्या घरची बाजू मांडायची. त्यात आणखी एक भर: परक्या घरात काय चाललं आहे, तिथले लोक असं का वागताहेत, हे आपल्या घरच्यांना न रागावता समजावून सांगायचं. हे तिसरं काम सर्वांत अवघड असावं, कारण त्यात स्वतःच्याच लोकांचा रोष ओढवतो.

या कामाचे काही कागद मला फार आवडतात. एक असतो बिननावाचा कागद. त्याला त्या वर्तुळात 'नॉन-पेपर' म्हणतात. त्यावर देशाचं नाव नसतं, शिक्का नसतो, सही नसते. एक अधिकारी तो दुसऱ्याच्या हाती देतो: असं केलं तर कसं वाटेल? समोरच्याला आवडलं तर त्यातून पुढे मसुदा होतो. नाही आवडलं तर असा कागद कधी नव्हताच. कोणी कोणाला नकार दिला असं होत नाही. आपण घरातही हे करतो. "सहज सुचलं म्हणून म्हटलं" असं म्हणून एखादी गोष्ट पुढे सरकवतो आणि समोरच्याचा चेहरा पाहून मागे घेतो. राष्ट्रांना चेहरा पाहता येत नाही, म्हणून त्यांनी त्यासाठी कागद केला.

दुसरा कागद म्हणजे एका दूतावासाकडून परराष्ट्र खात्याला जाणारा औपचारिक खलिता. तो तृतीय पुरुषात लिहितात. दूतावास आपलं अभिवादन सादर करतो, अमुक कळवण्याचा सन्मान घेतो, आणि शेवटी आपल्या सर्वोच्च आदराची पुन्हा ग्वाही देतो. मधल्या परिच्छेदात कडक निषेध असला तरी पहिली आणि शेवटची ओळ बदलत नाही. पूर्वी मला हा पोकळ शिष्टाचार वाटायचा. आता वाटतं, ती दोन वाक्यं म्हणजे दाराची चौकट आहे. मधलं भांडण कितीही वाढलं तरी चौकट जागेवर असते, आणि भांडण संपल्यावर त्याच दारातून आत येता येतं. राजनैतिक संबंधांवरच्या 1961 च्या व्हिएन्ना करारात असंच एक दार आहे. त्याच्या 9 व्या कलमानुसार यजमान देश कोणत्याही राजनैतिक अधिकाऱ्याला 'अवांछित' ठरवू शकतो आणि त्याचं कारण देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. कारण द्यायचं म्हटलं तर आरोप करावा लागेल, आरोप केला तर पुरावा द्यावा लागेल, मग प्रत्युत्तर, मग त्याला उत्तर. करार लिहिणाऱ्यांनी ती साखळी पहिल्याच कडीपाशी तोडली.

निवेदनांच्या भाषेबद्दलही असंच. चर्चा 'मोकळी आणि स्पष्ट' झाली असं लिहिलेलं दिसलं की आत खडाजंगी झाली हे जाणकारांना कळतं. 'उपयुक्त' म्हणजे हाती फारसं लागलं नाही, पण पुन्हा भेटायला हरकत नाही. लोक याला खोटेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांना ही भाषा येते त्यांच्यापासून तिने काहीच लपवलेलं नसतं, आणि ज्यांना भडकायला निमित्त हवं असतं त्यांच्या हाती काही लागत नाही.

मोठ्या परिषदांत, जिथे जवळपास 200 देश एकाच मजकुरावर बसतात, तिथे सगळं चौकोनी कंसांवर चालतं. ज्या शब्दावर एकमत नाही तो कंसात. कधी एका वाक्यात तीन-चार पर्याय, प्रत्येक आपापल्या कंसात, आणि वाचणाऱ्याला वाक्य सुरू कुठे होतं तेच सापडत नाही. वाटाघाटी म्हणजे हे कंस एकेक करून काढत जाणं. एक कंस सुटावा म्हणून दुसरीकडचा एक शब्द सोडायचा. हे काम मंत्री करत नाहीत. ते त्यांच्या आधी आठवडाभर येऊन बसलेले, दहा-दहा वर्षं एकाच विषयावर काम केलेले, एकमेकांच्या मुलांची नावं माहीत असलेले अधिकारी करतात. रात्री दोनला कॉरिडॉरमध्ये घोळका करून, एकाच्या लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत. हल्ली घोळक्याबरोबर फोनवरचा ग्रुपही असतो. पण कंस सुटतो तो घोळक्यातच, असं या कामातल्या माणसांच्या आठवणी वाचताना जाणवत राहतं.

पॅरिसच्या हवामान परिषदेचा शेवटचा दिवस, 12 डिसेंबर 2015. दुपारी अंतिम मजकूर वाटला गेला. अमेरिकेच्या शिष्टमंडळातल्या वकिलांनी तो वाचायला घेतला आणि चौथ्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदाशी ते थांबले. विकसित देशांनी उत्सर्जन कपातीत पुढाकार घेत राहावं, असं ते वाक्य. आधीच्या मसुद्यांमध्ये तिथे 'शुड' होतं. आता 'शॅल' आलं होतं. मराठीत सांगायचं तर 'घ्यावा'च्या जागी 'घेतलाच पाहिजे'. 'शॅल' राहिलं असतं तर ते कायदेशीर बंधन झालं असतं, तसा करार अमेरिकेच्या सिनेटपुढे न्यावा लागला असता, आणि तिथे तो मंजूर होण्याची आशा कोणालाच नव्हती. एका क्रियापदावर सगळं गाडं अडलं. सभागृह भरलेलं, जगभरचे कॅमेरे लागलेले, आणि बैठक काही सुरू होत नाही. पुढे-मागे धावपळ, कोपऱ्यात कुजबुज. पण दुरुस्ती उघडपणे मांडली असती तर प्रत्येकाने आपापला दुखरा शब्द पुन्हा बाहेर काढला असता. शेवटी सचिवालयाच्या अधिकाऱ्याने काही तांत्रिक दुरुस्त्या म्हणून एक यादी सपाट आवाजात वाचली. त्यात कुठे स्वल्पविराम होता, कुठे क्रमांक होता, आणि मध्येच 'शॅल'चं 'शुड' होतं. अध्यक्ष लोरां फाब्युस यांनी हातोडी आपटली. करार झाला.

त्या सपाट आवाजाचा मी फार विचार केला आहे. काही जणांना ही लबाडी वाटते. विकसनशील देशांच्या प्रतिनिधींनाही ती कळली नसेल असं मुळीच नाही. ते ऐकत होते, त्यांना नेमकं ठाऊक होतं की काय वाचलं जातंय, आणि त्यांनी ते जाऊ दिलं. दोन आठवडे झगडून हाती आलेलं सगळं त्या एका क्रियापदासाठी सोडायचं का, हा निर्णय त्या खोलीतल्या प्रत्येकाने त्या काही सेकंदांत घेतला. मला ते गप्प बसणं त्या दिवसाचं सर्वांत मोठं काम वाटतं.

मात्र दोन अर्थांच्या शब्दांवर माझा डोळे मिटून विश्वास नाही, हेही लिहायला हवं. 22 नोव्हेंबर 1967 चा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक 242 घ्या. ब्रिटनचे राजदूत लॉर्ड कॅरेडन यांनी मांडलेला. इस्रायलच्या सैन्याने नुकत्याच झालेल्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं तो म्हणतो. इंग्रजीत 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. म्हणजे इस्रायलच्या वाचनानुसार काही प्रदेश, सगळेच असं नव्हे. फ्रेंच मजकुरात मात्र 'दे तेरितुआर' असं आहे, आणि अरब देशांनी ते 'ते सगळे प्रदेश' असं वाचलं. 'द' घातला असता तर एक बाजू उठून गेली असती, 'सगळे' घातलं असतं तरी तेच. म्हणून दोन्ही शब्द गाळले आणि परिषदेच्या पंधराच्या पंधरा सदस्यांनी हात वर केले.

भाषांतरकार म्हणून मला यात एक गोष्ट खुपते. मराठीत 'द' नाहीच. 'व्यापलेल्या प्रदेशांतून माघार' असं मी लिहिलं की तो वाद माझ्या वाक्यातून नाहीसा होतो, आणि मराठी वाचकाला कधी कळतही नाही की इथे एक खड्डा होता. पण जमिनीवर तो खड्डा आहे. तो तिथे राहणाऱ्या माणसांच्या अंगणात आहे. त्या दिवशी एकमत व्हायला, बोलणी सुरू व्हायला ती संदिग्धता उपयोगी पडली, हे मान्य. पण सोडवायचं ते पुढच्यांवर सोपवलं, आणि पुढच्यांनी त्याच्या पुढच्यांवर. संदिग्ध शब्द हे कर्ज आहे. ते काढणाऱ्याने कधी फेडायचं ते मनाशी ठरवलेलं असावं लागतं. हैनानच्या पत्रात फेडायला काही उरलंच नव्हतं, माणसं घरी पोचली की संपलं. 242 मध्ये सगळंच उरलं होतं.

आणि कधी शब्द सुटतो तो नुसत्या गाफीलपणाने. जुलै 2009 मध्ये इजिप्तच्या शर्म-अल-शेखला मनमोहन सिंग आणि पाकिस्तानचे पंतप्रधान युसुफ रझा गिलानी भेटले. मुंबईवरच्या हल्ल्याला आठ महिनेही झाले नव्हते. संयुक्त निवेदनात एक वाक्य आलं की बलुचिस्तान आणि इतर भागांतल्या धोक्यांबद्दल आपल्याकडे काही माहिती असल्याचा उल्लेख गिलानी यांनी केला. व्याकरणाने पाहिलं तर ते एकट्या गिलानींचं म्हणणं. पण कागद संयुक्त. दुसऱ्याचं म्हणणं माझ्या सहीखाली आलं की वाचणारा ते माझंही समजतो, निदान मी ते ऐकून घेतलं असं तरी समजतोच. संसदेत गदारोळ झाला. परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी मसुद्यात कमतरता राहिली असेल असं बोलून दाखवलं. ते वाचून मला त्यांच्याबद्दल आपलेपणा वाटला. मसुदा करणाऱ्याने स्वतःहून असं म्हणायला धैर्य लागतं. मी त्या सात महिन्यांत ते पहिल्या दिवशी म्हटलं नव्हतं, बराच उशिरा म्हटलं.

शब्दांवर इतकं लिहिल्यावर असं वाटेल की हे सगळं चतुर वाक्यरचनेचं काम आहे. तसं असतं तर एक भाषांतरकार आणि एक वकील बसवून भागलं असतं. 1978 च्या सप्टेंबरमधले, अमेरिकी अध्यक्षांच्या कॅम्प डेव्हिड या विश्रामस्थानातले 13 दिवस मला नेहमी आठवतात. इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाखेम बेगिन सुरुवातीच्या बैठकींत एकमेकांवर इतके भडकले की अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना समोरासमोर बसवणंच सोडून दिलं. झाडीत विखुरलेल्या लाकडी घरांमधून ते आणि त्यांचे लोक ये-जा करू लागले. दोन्ही बाजूंच्या मागण्यांचे दोन वेगळे कागद ठेवायचे नाहीत, एकच मसुदा धरायचा, तोच यांना दाखवायचा, त्यांच्या हरकती घ्यायच्या, तोच त्यांना दाखवायचा, असं चाललं. 23 मसुदे झाले. या पद्धतीत कोणाला स्वतःचा कागद मागे घ्यावा लागत नाही, कारण तो कागद तिसऱ्याचाच असतो. मला ही युक्ती इतकी आवडली की दोन माणसांमधल्या करारांचं काम येतं तेव्हा मीही आता एकच मजकूर फिरवते.

तेराव्या दिवशी, सगळं होत आलेलं असताना, जेरुसलेमवर अमेरिका इजिप्तला जे पत्र देणार होती त्यावरून बेगिन अडून बसले. सही करणार नाही म्हणाले. बेगिन यांनी आपल्या नातवंडांसाठी कार्टर यांच्या सहीचे फोटो मागितले होते. कार्टर यांच्या सचिव सुझन क्लॉ यांनी इस्रायलकडून त्या मुलांची नावं मागवून घेतली होती. प्रत्येक फोटोवर एकेकाचं नाव घालून कार्टर स्वतः बेगिन यांच्या घराकडे चालत गेले. बेगिन एकेक फोटो घेऊन एकेक नाव मोठ्याने वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले. दोघं आजोबा थोडा वेळ नातवंडांबद्दल आणि युद्धाबद्दल बोलले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात, अश्रूंपाशी. पण त्याच वेळी पत्रातला मजकूरही बदलला होता. जेरुसलेमबद्दल अमेरिकेची भूमिका सविस्तर मांडण्याऐवजी नव्या पत्रात एवढंच होतं की आमची भूमिका आमच्या राजदूतांनी 1967 आणि 1969 मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडली तीच आहे. ती भाषणं कोणालाही काढून वाचता येत होती. अमेरिकेने तसूभरही माघार घेतली नव्हती. बेगिन यांना खुपणारे शब्द मात्र त्यांच्या समोरच्या कागदावर राहिले नव्हते. मन मऊ झालं म्हणून मजकूर स्वीकारला गेला, आणि स्वीकारता येईल असा मजकूर तयार होता म्हणून मन मऊ होऊन उपयोग झाला. यातलं एक काढलं तर दुसरं फुकट गेलं असतं. पुढच्या मार्चमध्ये इजिप्त आणि इस्रायलचा शांतता करार झाला. तो अजून टिकून आहे. मात्र पॅलेस्टिनी लोकांबद्दलचा कॅम्प डेव्हिडचा दुसरा कागद कागदच राहिला, हेही त्याच 13 दिवसांचं फळ.

आता नेते थेट फोन करतात, फोन ठेवताक्षणी त्याची हकीकत समाजमाध्यमांवर टाकतात. 28 फेब्रुवारी 2025 ला व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प, त्यांचे उपाध्यक्ष व्हॅन्स आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की कॅमेऱ्यांसमोर भांडले तेव्हा मी ते पूर्ण पाहिलं. त्या दिवशी व्हायचा असलेला खनिजांचा करार राहिला. दोन महिन्यांनी तो झालाही, अधिकाऱ्यांनी दार लावून बसून केला. कॅमेऱ्यापुढे बोललेला शब्द मागे घेता येत नाही, एवढं त्यातून दिसलं. बिननावाचा कागद तिथे चालत नाही.

वेगाबद्दलही माझं मत काळाच्या उलट आहे. ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबाच्या पेचात जग अणुयुद्धाच्या काठावर होतं, तेव्हा वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिन यांचे सांकेतिक संदेश न्यायला तार कंपनीचा पोऱ्या सायकलवरून यायचा. तो वाटेत कुठे रमू नये अशी आम्ही मनोमन प्रार्थना करायचो, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्या अनुभवानंतर 1963 मध्ये दोन राजधान्या थेट तारेने जोडल्या गेल्या. लोक ज्याला लाल टेलिफोन समजतात तो टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर होता. प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचं, समोरच्याने ते नीट भाषांतर करून वाचायचं. मुद्दाम तसं ठेवलं होतं. घाबरलेल्या माणसाच्या आवाजावर आणि घाईच्या तोंडी भाषांतरावर एवढी मोठी गोष्ट सोपवायची नव्हती. भाषांतराला वेळ द्यायचा, हे कलम ज्याने सुचवलं असेल त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार करते. संदेश नसतील तेव्हाही दर तासाला ही तार तपासली जायची, कोणत्या तरी साहित्यातला उतारा पाठवून.

संबंध पार तुटले तरी तार ठेवावी लागते. अमेरिका आणि इराण यांचे राजनैतिक संबंध 1980 मध्ये तुटले. तेव्हापासून तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडचा दूतावास पाहत आला. जानेवारी 2020 मध्ये इराणचे सेनानी कासिम सुलेमानी अमेरिकी हल्ल्यात मारले गेले आणि दोन्ही देश उघडपणे एकमेकांना धमकावत होते, तेव्हा खरे निरोप स्विस दूतावासातल्या एका सांकेतिक फॅक्स यंत्रावरून येत-जात होते, असं नंतर वृत्तपत्रांत आलं. ज्या स्विस अधिकाऱ्याने तो कागद यंत्रातून काढून पुढे नेऊन दिला असेल, त्याच्या हातात त्या दिवशी किती जणांचे जीव होते.

भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्येही अशी एक तार आहे. 31 डिसेंबर 1988 च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी 1 जानेवारीला आपापल्या अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात, म्हणजे युद्ध झालं तरी त्यांवर हल्ला होऊ नये. एकाच दिवशी, दिल्लीत आणि इस्लामाबादेत. 1992 पासून हे चालू आहे. 1 जानेवारी 2002 ला संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर येऊन उभी होती, तरी याद्या दिल्या गेल्या. दुसऱ्या याद्या कैद्यांच्या, 2008 च्या करारानुसार 1 जानेवारीला आणि 1 जुलैला. मे 2025 मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले, आणि 1 जुलैला त्या याद्याही दिल्या-घेतल्या गेल्या.

पाकिस्तानच्या यादीत भारताचे जे लोक असतात त्यांत बहुतेक मच्छीमार असतात. सर क्रीक नावाच्या सुमारे 96 किलोमीटरच्या खाडीवरून सीमा कुठून न्यायची हे दोन देशांचं ठरलेलं नाही, म्हणून तिच्या पुढे समुद्रात हद्दीची रेघही ठरलेली नाही. मासे कुठे जातील ते ठरलेलं नाही. जाळं टाकलेली होडी वाहत जाते, पलीकडच्या गस्तीला सापडते, आणि माणसं कराचीच्या तुरुंगात जातात. इकडेही पलीकडच्या होड्या पकडल्या जातात, त्यांची माणसं आपल्या यादीत असतात. शिक्षा काही महिन्यांची असते, पण ती संपली तरी सुटका होत नाही, कारण हा माणूस आमचाच असं त्याच्या देशाने कळवावं लागतं. त्यासाठी वकिलातीतला अधिकारी तुरुंगात भेटायला जातो, नाव, वडिलांचं नाव, गाव, होडीचा क्रमांक लिहून घेतो. ते कागद राजधानीत, तिथून राज्याकडे, तिथून जिल्ह्याकडे जातात. कधी नाव ऐकणाऱ्याने आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, आणि त्या नावाचा माणूस त्या गावात कोणाला सापडत नाही. मग कागद परत, पुन्हा भेट, पुन्हा तेच प्रश्न, या वेळी एकेक अक्षर विचारून.